पुढची खुर्ची

३ मार्च

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळून पंधरवडा झाला. उत्तराला उशीर झाला, कान धरतो. कारण ऐकलंस तर रागावणार नाहीस. आमच्या इमारतीच्या वार्षिक स्नेहभेटीची सूत्रं यंदा तुझ्या भावाच्या गळ्यात पडली आहेत. चौदा बिऱ्हाडं, आणि गेल्या वर्षी आली होती मोजून पाच माणसं. मागे टपालवाल्याने पाकिटावरचं एक नाव विचारलं, मी ठामपणे सांगितलं की असं कुणी इथे राहत नाही. ते माझ्या भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याचं निघालं. तेव्हापासून मनाने घेतलं की यंदा एकही दार बंद राहू द्यायचं नाही.

दुकानात दिवसभर चष्म्याच्या काचा घासतो आणि संध्याकाळी लोकांची दारं वाजवतो. तिसऱ्या मजल्यावरच्या प्रूफवाल्या काकू सर्वांत अवघड. छापखान्यात मुद्रितं तपासून निवृत्त झाल्या, अकरा वर्षांत कुणाच्या घरी गेल्या नाहीत. दार दोन बोटं उघडतात आणि तीनदा 'कोण?' विचारतात. तीन खेपा घातल्या तेव्हा हो म्हणाल्या. कुलपाबद्दल काहीतरी लांबलचक सांगत होत्या, पण माझं लक्ष त्यांच्या हातांकडे होतं. कुलूप कसं ओढून बघतात म्हणून सांगू! तू असतीस तर तुला तिथेच करून दाखवलं असतं.

भाऊजींना नमस्कार. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
नकल्या

११ मार्च

चि. नकल्यास,
अ. उ. आ.

दार वाजवून माणसं गोळा करतोयस हे वाचून बरं वाटलं. लहानपणी स्वतःच्या मुंजीतही कोपऱ्यात बसला होतास, तो तूच ना? काकूंना जिन्यावरून हात धरून आण. इकडे माझे गुडघे कुरकुरतात आणि तुझे भाऊजी त्यांच्याहून जास्त. बाकी ठीक.

समारंभ कसा झाला ते सविस्तर लिही. टाळ्या किती पडल्या ते तू लिहिशीलच, ते विचारत नाही.

आशीर्वाद पोटभर.
ताई

२९ मार्च

ती. ताईस,
सा. न.

तुझं पत्र उशाशी आहे. सविस्तर लिही म्हणालीस म्हणून तीनदा बसलो आणि तीनदा उठलो.

रविवारी दुपारी खालच्या अंगणात तेरा बिऱ्हाडं आली. चहा झाला, गाणी झाली, मग कुणीतरी म्हणालं, नकला होऊ द्या. मी एकेकाला उचललं. पाण्याच्या टाकीवरून भांडणारे, फोनवर ओरडणारे, सगळे खूश. मग मी प्रूफवाल्या काकूंना घेतलं. दोन बोटं दार, तीनदा 'कोण?', कुलूप चारदा ओढणं, अर्धा जिना उतरून परत वर जाणं, पुन्हा ओढणं. ताई, अख्ख्या दुपारभरात एवढा हशा पिकला नव्हता. काकू शेवटच्या रांगेत होत्या. त्याही हसल्या. त्यांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. मग उठल्या, स्वतःची खुर्ची घडी करून भिंतीशी नीट लावली आणि वर गेल्या.

तळमजल्यावरच्या परिचारिकाबाई तेवढ्या हसल्या नव्हत्या. कप विसळताना त्यांनी सांगितलं. काकूंच्या यजमानांना शेवटी शेवटी माणसं ओळखू येत नसत. एका दुपारी काकू दूध आणायला खाली उतरल्या, कुलूप नीट बसलं नव्हतं. ते बाहेर पडले. दोन दिवसांनी कालव्याच्या काठी सापडले.

आता खरं लिहितो. हे मला ठाऊक नव्हतं असं मी सगळ्यांना सांगतोय. पण निमंत्रण द्यायला गेलो तेव्हा काकू हेच सांगायला लागल्या होत्या. 'एकदा माझ्या हातून दार उघडं राहिलं होतं,' इथवर मी ऐकलं होतं. पुढचं ऐकलं नाही, कारण मी त्यांचं मनगट कसं वळतं ते पाठ करत होतो.

लाजेने जिना चढवत नाही. सूचनाफलकावर जाहीर माफी लावावी असं मनात आहे. तू सांग.

तुझा भाऊ

६ एप्रिल

चि. भावास,
अनेक आशीर्वाद.

फलकावर काहीही लावू नकोस. एकदा चारचौघांत त्यांना उभं केलंस तेवढं पुरे. तुझ्या पत्रात 'मी' किती वेळा आलाय ते मोज. अकरा दिवस झाले आणि त्यांच्या दाराशी गेल्याचं एक वाक्य नाही. मन हलकं करायला जाऊ नकोस, राहिलेलं ऐकायला जा.

एक मलाही लिहायचंय. आपल्या वडिलांच्या, दादांच्या, लंगडण्याची नक्कल तू करायचास, तेव्हा नऊ वर्षांचा होतास. दादा दाराआड उभे असलेले मला दिसले होते. मी चौदाची होते, मला कळत होतं. तरी मी हसले आणि पुन्हा कर म्हणाले. इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही. तेव्हा तुझ्यावर डोळे वटारायचा हक्क मला फार नाही.

पत्र टाकून लगेच वर जा.

ताई

१५ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दादांचं दुकानातच वाचलं. चाकावर धरलेली काच वाया गेली. मग गेलो.

काकूंनी दार दोन बोटं उघडलं. माझं चुकलं म्हणालो. त्या म्हणाल्या, ते दिसतंय. मग त्यांनी शांतपणे विचारलं की तुमचं चुकलं हे ठीक, पण बाकीचे का हसले? म्हणाल्या, याचा अर्थ कुलूप ओढणारा माझा हात सगळ्यांनी पाहिला होता, आणि अकरा वर्षांत कारण एकानेही विचारलं नाही. मी त्या दिवशीचं अर्धवट राहिलेलं सांगाल का, एवढंच विचारलं.

त्यांनी आत घेतलं. दुधाच्या पिशवीपासून कालव्यापर्यंत सगळं सांगितलं. मी हात मांडीखाली घेऊन बसलो होतो. माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत आणि मी विचारलं नाही.

परवा इमारतीच्या बैठकीत स्नेहभेटीच्या हिशेबाऐवजी मी हेच सगळ्यांपुढे सांगितलं, त्यांची परवानगी घेऊन. कुणी म्हणालं, त्या स्वतःही हसल्याच की. दोघं-तिघं वर काकूंकडे जाऊन आले.

आज त्या मला जिन्यात भेटल्या. पुढच्या वर्षी याल का, असं मी भीत भीत विचारलं. म्हणाल्या, 'येईन. पण मागे नका बसवू, पुढची खुर्ची द्या. कोण हसतं ते मला बघायचंय.'

मी हो म्हणालो.

रागावलीस तरी चालेल, पण लिहीत राहा.

तुझा धाकटा