आईंचा लोण्याचा ब्रश

वॉल्टर,

आपल्या आयरीनला आणायला स्टेशनवर जातेय. टर्की ओव्हनमध्ये आहे. ओव्हनचं दार उघडू नकोस, असं लिहिणार होते. पण तुझ्या आई आज सहज म्हणून लवकर येतीलच. गेल्या थँक्सगिव्हिंगलाही सहजच आल्या, घडीघडी दार उघडून वरून लोणी सोडत बसल्या, सगळी वाफ घालवली आणि जेवताना म्हणाल्या, "लॉइसची टर्की जरा कोरडीच असते, नाही?"

त्यांचा लोण्याचा ब्रश आज आपल्या ड्रॉवरमध्ये सापडला. कुणी आणून ठेवला, ते विचारत नाही.

खुशाल लावू देत लोणी. ती टर्की त्यांच्यासाठीच आहे. आपण खायची ती दुसरी; कोरडी पडू नये म्हणून रात्रभर मिठाच्या पाण्यात मुरवून, छाती खाली करून एका शेजारणीच्या ओव्हनमध्ये ठेवलीये. हेही तू आईला सांगशील, म्हणून शेजारीण कुठली ते लिहीत नाही.

लॉइस