खेळ सुटल्यावर

मणिपूर, निर्वासितांच्या छावणीतून

आई, तुझ्या पाया पडून लिहितो.

मी बरा हाय. तू दिलेली शेंगाचटणी पोरांनीच संपवली. गोळीबारात गाव सुटलेली ही पोरं बास्केटबॉल लई जीव लावून खेळतात.

परवा खेळ सुटल्यावर, होटगीच्या मैदानावर आपल्या पोरांना शिकवून झाल्यावर रोज म्हणायचो तसं बोलून गेलो, "चलो, घर जाओ." कुणी जागचं हललं न्हाय. धाकटी किम तेवढी आत पळाली आणि बोचकं बांधून माझ्यापुढं येऊन उभी राहिली.



अण्णांचा गुडघा कसा हाय?

आणि आई, फोनवर 'घरी कधी येतोस' विचारू नकोस. किम शेजारीच बसलेली असते, अन् घर म्हटलेलं तिला कळतं. पत्रात विचार.

तुझाच,
अभिमन्यू