शेवंतीवरचं खोकं

आई,

रोपांचा ट्रक लवकर येणार आहे म्हणून नर्सरीत निघालेय, तुला उठवलं नाही. चहा थर्मासमध्ये आहे. बीपीची गोळी त्याच्या शेजारीच ठेवलीये, विसरू नकोस.

काल रात्री दाराबाहेरचा दिवा मी बंद केला होता. तू गुपचूप उठून परत लावलास, ते मी पाहिलं. रागावू नकोस. दादा घर सोडून गेल्यापासून त्याने लावलेली शेवंती फुललेली नाही आणि मी तीन वर्षं मातीला नि खताला शिव्या देतेय. परवा आमचे माळीकाका म्हणाले, शेवंतीला लांबलचक अंधार मिळाला तरच ती कळ्या धरते. रात्रभर डोक्यावर दिवा जळत असला की तिला वाटतं, दिवस अजून मोठेच आहेत. मग ती नुसती पानं काढत बसते. मी दिवसभर झाडांत वावरते आणि दादा गेल्यापासून तू रोज रात्रभर लावून ठेवतेस त्या दाराच्या दिव्याकडे माझंच लक्ष गेलं नाही!

दाराशी मोठं खोकं ठेवलंय. संध्याकाळी सहाला ते कुंडीवर पालथं घाल आणि सकाळी आठला काढ. एकही दिवस चुकवायचा नाही. महिनाभरात कळ्या दिसतील.

दादा घर सोडून गेला त्या दिवशी मी त्याला नको ते बोलले. त्यावरून तू मला आजवर एका शब्दाने टोकलं नाहीस.

दिवा राहू दे. बल्ब मिणमिणायला लागलाय, येताना नवा आणते.

तुझी धाकटी