नऊ रचना आणि एकही श्वास नाही

प्रिय शिट्टी,

हे पत्र माझ्या हातचं असलं तरी तक्रार एकटीची नाही. बाटल्यांच्या कारखान्यामागच्या वसाहतीत अजून तग धरून राहिलेल्या आम्हा सगळ्यांची आहे. भट्टीवर उमेद घालवलेल्यांची, त्यांच्या बायकांची, आणि भिंतीपलीकडून तुझा सराव ऐकत पाढे पाठ केलेल्या माझ्यासारख्यांची. तुझा नवा अल्बम आम्ही एकत्र बसून ऐकला आणि सगळ्यांचं एकच म्हणणं पडलं, की यात कुठेतरी आपली फसवणूक झाली आहे. तू म्हणशील, भोंगा पुन्हा सुरू झाला. झाला. सभेत मला मध्येच थांबवायची कुणाची छाती झाली नाही, आणि पत्रात तर तुला ती सोयही नाही.

अल्बम आला त्या रविवारी सकाळी मी वाचनालय मुद्दाम उघडं ठेवलं. वर्तमानपत्रांचं लांब टेबल रिकामं करून त्यावर स्पीकर ठेवला. तेरा माणसं आली. फोरमनकाका इस्त्रीचा शर्ट घालून आले, जणू बक्षीस त्यांनाच मिळायचं होतं. शिंपीणकाकू हातातलं काम टाकून आल्या, गळ्यात टेप तशीच. पहिली रचना झाली, सगळ्यांनी माना डोलावल्या. दुसरी झाली, माना जरा कमी डोलल्या. तिसरी संपल्यावर फोरमनकाका माझ्या कानाशी वाकले आणि म्हणाले, "वाजवतोय झकास. पण कोण वाजवतोय?" मी म्हटलं, कोण म्हणजे, आपला शिट्टी. ते म्हणाले, "असं का? मग वाजवताना घरी नसेल तो." शिंपीणकाकूंनी त्यावर कळस चढवला. म्हणाल्या, "कापड उंची आहे गं, शिवणही सरळ. पण कुणाच्या अंगावर चढलेलंच दिसत नाही."

मी अन्याय करणार नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या अन्यायावर बोलून पोट भरलेल्या बाईला तो शोभत नाही. चौथ्या रचनेत तू खालच्या सुरावर जो रेंगाळतोस, तिथे मी खरोखर हातातली पुस्तकांची यादी खाली ठेवली. आठवीत तो एकच सूर तीनदा येतो आणि तिन्ही वेळा निराळा होऊन येतो, हे काम थोरामोठ्यांचं आहे. तुझी बोटं कधी नव्हे इतकी तयार आहेत. पण अल्बमला नाव काय दिलंस? 'भट्टी'. अरे, भट्टीपाशी जन्मलास ना तू? तिथे दहा पावलांवर भुवया करपायच्या. तुझ्या या भट्टीत मी नऊ रचना बसून आले आणि मला शाल लागली. घोडं कुठे पेंड खातंय ते मला पहिल्या दिवशी कळलं नाही. सोमवारी जे घडलं ते पुढे सांगते, पण त्या रात्री मी घरी हेडफोन लावून पुन्हा पहिल्यापासून ऐकलं, पेन्सिल घेऊन. नऊ रचना, बावन्न मिनिटं, आणि एकही श्वास नाही.

एकही नाही. दोन सुरांच्या मधल्या जागा आहेत, पण त्या पुसलेल्या फळ्यासारख्या. मग बरोबर आलेली पुस्तिका उघडली. शेवटच्या पानावर आभारांची यादी, आणि त्यात कुणा गृहस्थांचे आभार 'श्वास व इतर अनावश्यक आवाज काढून टाकण्याच्या चिकाटीच्या कामाबद्दल'. दुसऱ्या दिवशी वाचनालयात हे वाक्य मी मोठ्यांदा वाचलं तेव्हा फोरमनकाकांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि विचारलं, "अनावश्यक कुणाला?" मी पस्तीस वर्षं भाषणं केली, पण इतका नेमका प्रश्न मला कधी सुचला नाही.

तुला आठवण करून द्यायची वेळ यावी याचाच संताप येतो, पण देते. तुझ्या वडिलांचं, आप्पांचं नाक तरुणपणी भट्टीचं दार आदळून मोडलं. तुझं कुणी न मोडता तसंच आलं. फुंकनळीवर काम करणाऱ्याचा पहिला नियम, नळी ओठांतून सोडायची नाही, सोडली तर काचेचा गोळा बसतो, म्हणून श्वास नाकाने घ्यायचा आणि पोटात भरायचा. त्या वाकड्या नाकातून आप्पा श्वास घ्यायचे तेव्हा बारीक शीळ वाजायची, सूंऽ, आणि मग बाटली फुगायची. तू नऊ वर्षांचा असताना कारखान्याचा बँड मोडला आणि तिथली जुनी क्लॅरिनेट आप्पांनी तुझ्या हातात दिली. त्यांना जे येत होतं ते त्यांनी शिकवलं, म्हणजे फुंकनळी. जगातले क्लॅरिनेटवाले ओठांच्या कोपऱ्यातून श्वास घेतात, आणि तू नाकाने घ्यायला लागलास, शीळ वाजवत. बँडमास्तरांनी कपाळावर हात मारून घेतला. म्हणाले, हा पोरगा गाणं वाजवतोय की बाटल्या काढतोय? तेव्हापासून तू शिट्टी. मीही तुमच्या ओसरीवर बसून तोच श्वास शिकले, गालातून नाही, पोटातून. माझ्या एकेका वाक्याला दारापर्यंत जे बळ असतं ते पुस्तकांचं नाही, आप्पांचं आहे.

आणि आता आप्पांचं सांगते. फोनवर ते तुला "बरंय, तू तुझं काम बघ" म्हणतात आणि तू ते खरं धरतोस, इतका हुशार माणूस असून. भट्टीने त्यांच्या फुप्फुसांची काय वाट लावली ते तुला ठाऊक आहे. वर्षभर नाकाला नळी आहे, खाटेशेजारी ऑक्सिजनचं यंत्र. श्वासाचा व्यायाम सकाळ-संध्याकाळ करायचा असतो, पण त्यांना लय धरता येत नाही, मध्येच घाई होते आणि घाबरतात. दवाखान्यातल्या बाईंनी मोजायला शिकवलं, आकडे चुकले. मग एक दिवस मी तुझी सोळाव्या वर्षीची सरावाची कॅसेट लावली, सहज, त्यांचं मन रमावं म्हणून. तुझी शीळ वाजली आणि आप्पांनी तुझ्याबरोबर श्वास घेतला. तू फुंकलंस, त्यांनी सोडला. पुन्हा शीळ, पुन्हा श्वास. वीस मिनिटं, एकदाही न घाबरता. बाई म्हणाल्या, औषधापेक्षा हे बरं आहे, रोज लावा. अकरा महिने रोज लावली. गेल्या महिन्यात फीत तुटली. मी चिकटवली, ती दुसरीकडे तुटली. चिकटवून चिकटवून आता तुझा सूर पाण्याखालून आल्यासारखा येतो आणि श्वास तर येतच नाही.

म्हणून तुझा अल्बम येणार म्हटल्यावर वसाहतीला जो आनंद झाला तो नुसता कौतुकाचा नव्हता. सहावी रचना तू 'वडिलांस' म्हणून वाहिलीस. सोमवारी ती मी आप्पांना लावून दिली. डोळे मिटून, हात पोटावर ठेवून ते तयार झाले, पूर्वी नळी उचलायच्या आधी व्हायचे तसे. सूर सुरू झाला आणि ते थांबले. तुझ्या श्वासाची वाट पाहत थांबले, स्वतःचा रोखून. सूर संपला, दुसरा आला, तिसरा आला, श्वास येईना. त्यांचे ओठ निळे पडायला लागले तेव्हा मी स्पीकरची तारच उपसली. दम परत यायला बराच वेळ लागला. मग मला म्हणाले, "एवढं कुणी फुंकत नाही गं. गोळा फुटेल." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "कुणी वाजवलंय हे?" मी सांगितलं. त्यांनी मान दुसरीकडे वळवली आणि म्हणाले, "सफाई आहे हाताला. त्याला कळवू नकोस काही. उगीच त्याच्या कामात मोडता."

मी तेव्हाच तुला फोन करणार होते आणि जे तोंडाला येईल ते सुनावणार होते. बरं झालं केला नाही. कारण बुधवारी दुपारी रेडिओवर तुझी मुलाखत लागली. निवेदिकेने विचारलं, इतका निर्मळ आवाज कसा साधलात? तू हसलास आणि म्हणालास, माझी एक मैत्रीण आहे, फार मोठी वक्ता. तिने एकदा मला सांगितलं होतं की तुझा श्वास लोकांपर्यंत सुरांच्या आधी पोहोचतो. तेव्हापासून तो पुसायचा प्रयत्न करतोय, बावीस वर्षांनी जमलं. तिचे उपकार आहेत. मी पुस्तकांना कव्हरं घालत होते. कात्री तशीच हातात राहिली.

तू किती सभ्यपणे सांगितलंस. मी तसं म्हटलं नव्हतं. कारखाना बंद होऊ नये म्हणून फाटकापाशी सभा होती, एकच माइक, आधी तू वाजवणार आणि मग मी बोलणार. तुझी शीळ कर्ण्यातून घुमली आणि मागच्या रांगेत चारदोन जण हसले. कागदावर माझी सगळी वाक्यं तयार होती, आणि हसलेली सभा पुन्हा तापवायची म्हणजे काय ते मलाच ठाऊक. तू पायऱ्या उतरत होतास आणि मी सगळ्यांदेखत म्हणाले, नाकाचं काहीतरी कर रे, तुझ्या शिट्टीपायी लोकांचा लढा हसण्यावारी जाईल. तूही हसलास. महिन्याभरात शहर सोडलंस. लढा तसाही गेला, आणि तो तुझ्या नाकामुळे गेला नाही. नाकापेक्षा मोती जड झाला होता, आणि तो मोती म्हणजे मी आणि माझं भाषण. जिथे तिथे माणसाच्या बाजूने घसा कोरडा करणारी मी, माझ्या सगळ्यात जुन्या मित्राला त्याच्यातला माणूस अनावश्यक आहे असं सांगून बसले, आणि तू, गाढवा, ते ऐकलंस. माझी इतकी वाक्यं लोकांनी एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडली, तुला नेमकं हेच धरून ठेवायचं होतं? मी चुकले होते. हे वाक्य मी कधी कुठल्या व्यासपीठावरून बोललेली नाही, म्हणून जपून ठेव.

तीन वर्षं तू म्हणतो आहेस, अल्बम झाला की येतो. अल्बम झाला. काल डॉक्टर येऊन गेले. जिन्यात थांबून मला म्हणाले, मुलाला बोलवायचं असेल तर पुढचा महिना उजाडायची वाट पाहू नका. आप्पांना न विचारता मी हे लिहिते आहे, आणि हे सांगण्यासाठीच इतकी पानं खर्च केली. तुला नवं यंत्र पाठवायचं सुचेल, ते पाठवू नकोस. मला उत्तर लिहायचं सुचेल, ते लिहू नकोस. माफी मागायची असलीच तर ती माझ्याकडून तुझी आहे, ती समोरासमोर मागेन. तू फक्त या रविवारी सकाळी क्लॅरिनेट घेऊन ये. खाटेच्या उजव्या हाताला मी खुर्ची ठेवली आहे, दाराला कडी नसेल. आत आलास की बोलू नकोस, पायाही पडू नकोस. खुर्चीत बस, आणि सुराच्या आधी श्वास घे, नाकाने, त्यांना ऐकू जाईल इतका मोठ्याने.

तुझीच,
भोंगा