एका किलोचाही फरक नाही

सोमवार, ३ तारीख

आधी आला तो लंबू! दारात वाकून शिरला तरी डोकं आपटलंच. मागून चष्मेवाली बाई. गॅसच्या मोठ्या ऑफिसातून आलेत, नातीची चौकशी करायला. चौकशी कसली — तीन-तीन कप चहा प्याले! घरात एवढं बोलणं किती दिवसांनी झालं. मला तर बाई मजाच वाटली.

मुलगा गेला त्याला वर्ष झालं. रडू अजून आलेलं नाही. येईल तेव्हा येईल.

नात गॅसच्या डेपोत त्याच्याच जागेवर लागलीय. टँकर आला की टाकीत किती गॅस उतरला ते मोजायचं. तिचं मोजणं टँकरबरोबर आलेल्या कागदावरच्या वजनाशी जुळत नाही. कधी तीस किलो कमी, कधी वीस जास्त. बापाच्या नऊ वर्षांत एका किलोचाही फरक नाही! म्हणून हिच्यावर संशय. नोकरी जाईल म्हणतात.

मंगळवार, ४

विचारलं तिला, एवढं काय अवघड गं त्यात?

"आजी, गॅस उन्हात फुगतो, गारठ्यात आक्रसतो. टाकीवर चढून पातळी बघायची, किती गरम आहे ते बघायचं, दाब बघायचा. वरच्या वाफेचंसुद्धा वजन धरायचं."

म्हटलं, म्हणजे माझ्या पायांसारखं. चपला सकाळी सैल, संध्याकाळी घट्ट! हसली. हसताना बापासारखी दिसते.

बुधवार, ५

काही नाही. झोपून होते.

गुरुवार, ६

आज टँकर आला. लंबू आणि बाई नातीबरोबर टाकीवर चढले, आपापलं मोजलं. तिघांचं एकच — कागदापेक्षा अठ्ठावीस किलो कमी! संध्याकाळी घरी येऊन सांगितलं, मी टाळ्याच वाजवल्या.

मग बाई म्हणाली, "पोरगी बरोबर मोजते. खरं मोजलं की थोडा फरक पडतोच. आधीचं मोजलेलंच नाही, कागदावरचा आकडा उतरवलाय."

नात ताडकन उठली. "बाबांना यात ओढू नका. माझंच चुकलं असं लिहा."

"अहो, नोकरी जाईल तुमची!" लंबू म्हणाला.

"जाऊ दे."

"तुमचे बाबा टाकीवर चढायचे की नाही, हे सांगणारं कोणी आहे?" बाईने विचारलं. मी कप विसळत बसले. धुतलेलेच परत विसळले.

शुक्रवार, ७

मुलाचे गुडघे गेले होते. तेल मीच चोळायची ना! "आई, काळजी नको करू. मी खाली बसूनच उरकतो," म्हणायचा. मला केवढा आनंद! पोराला शिडी चढावी लागत नाही म्हणून शेजारणीला सांगत सुटले होते.

वाईट वाटायला हवं. बोटं गार पडलीत, तेवढंच.

शनिवार, ८

नातीला न सांगता बाईला फोन केला. म्हटलं, सांगणारी मी आहे. सोमवारी सकाळी अकरा वाजता येतो म्हणाले दोघं.