वनिताचे उपास

६ जाने., सोम.
वनिता आज पुन्हा चक्कर येऊन बसली. पडली नाही, पण रॅकला धरून हळूहळू खाली बसली, तेही नेमकी सुपरवायझरच्या डोळ्यांसमोर. तिला उठवून चहा दिला. जेवायच्या सुट्टीत माझा डबा पुढे सरकवला तर म्हणे, "न्हाय ताई, आज सोमवार. शंकराचा उपास हाय माजा." दोन लेकरांची आई, खारबावहून येते, गोडाऊनमध्ये माझ्या लाइनला पॅकिंगला. लाइन लीडर मी, त्यामुळे तिला चक्कर आली की प्रश्न मला विचारतात.

७, मंगळ.
आज गणपतीचा.

९, गुरु.
आज दत्ताचा. काल बुधवार, देव सापडला नाही, तर पोट बिघडलं होतं. एकादशी नि दुप्पट खाशी म्हणतात, ते आमच्या टेबलावर रोज बघते. बाकीच्या उपासवाल्या केळी, वेफर, राजगिऱ्याचे लाडू काय काय काढतात. ही नुसत्या चहावर. मला आंधळी समजते का ही बाई? नवऱ्याचा कापडाचा लूम दिवाळीपासून बंद, रेशनकार्ड अकलोलीला दिराकडे, धान्य तोच उचलतो, हे हिनंच मला बसमध्ये सांगितलंय. घरात शिजेल ते पोरांना नि नवऱ्याला. उपास कसला डोंबलाचा.

आज गोडाऊनमध्ये कामगारांची रक्ततपासणी पण होती. डॉक्टरीणबाई तरुण, बोलायला गोड. व.चं रक्त फारच कमी निघालं. गोळ्या दिल्या, वर सांगितलं, रोज खजूर, पालक, चार बदाम. बदाम आमच्या चौथ्या रॅकला आहेत म्हणावं. दिवसभर पाकिटं हातातून जातात, एक खिशात सापडलं तर थेट घरी.

सुपरवायझर मला बाजूला घेऊन म्हणाला, "अगली जाँच में भी खून कम निकला तो इसको हटाऊँगा. गिर गई तो जिम्मेदारी किसकी?" पुढची तपासणी याच महिन्याच्या शेवटी. रक्त म्हणजे काय टाकीतलं पाणी आहे, मोटर लावली की भरलं?

९, रात्री, अजून थोडं.
ठरवलं. तिला उपासच करायचेत ना, तर उपासाचं खायला घालते. पण आम्ही बौद्ध, घरात कधी कुणी उपास धरलेला नाही, काय चालतं काय नाही कोण सांगणार? शेजारच्या हमीदाभाभीला विचारलं. म्हणे, "आमचे रोज्यात सगला चालतं, फक्त टाइम बघायचा. तुमचे लोकांचा मला काय म्हाईत?" आमच्या लोकांचं मलाच माहीत नाही, भाभीला काय बोलू. साबुदाणा चालतो एवढं नक्की. भिजत घातला.

१०, शुक्र.
सत्यानाश.
पहाटे उठून साबुदाण्याची खिचडी केली. शेंगदाणे भरपूर, बटाटा, मस्त पिवळी, वर लिंबू. टेबलावर डबा उघडला आणि बायका एका सुरात, "अहो ताई, उपासाला हळद चालते का कधी?" दुसरी म्हणे, "आणि शुक्रवारी देवीचा, आंबट तर शिवायचं पण नाही." व. डब्याकडे बघत होती. मी डोळ्यांनी खूण केली, खा गं. आठ जणींसमोर कशी खाईल? तिनंच मारलेली गाठ. "ऱ्हाऊ द्या ताई," म्हणाली नि पाणी प्यायला गेली. ती सगळी खिचडी शेवटी बाकीच्यांनीच संपवली, ज्यांची पोटं आधीच भरलेली होती. मला इतका राग आला की बसमध्ये तिच्या शेजारी बसले नाही.

प्रकाशला, म्हणजे नवऱ्याला, सांगितलं तर हसत सुटला. "आपल्या घरात एक देव नाही नि तुझ्या डब्यात सगळ्या देवांचे उपास."

१४, मंगळ.
संक्रांत. कुणीतरी तिळगूळ वाटला. व.ला पण दिला. ती "उपास" म्हणायला लागली तर त्या बाईनंच दटावलं, "तिळगुळाला नाही म्हणू नये." घेतला की गुपचूप. मी बघतच राहिले. आणि म्हणे हे वाटप रथसप्तमीपर्यंत चालतं.

१५, बुध.
तीळ, दाणे, गूळ आणला. लाडू वळले, चांगले लिंबाएवढे. प्र. म्हणतो, हे तिळगूळ नाहीत, तोफगोळे आहेत. असू देत. आता रोज दोन. गोड बोल नाहीतर कडू बोल, पण खा.

२०, सोम.
रोज घेते. नाही म्हणत नाही. चेहऱ्यावर मात्र काही फरक दिसेना.

२२, बुध.
फरक दिसेल कुठून.
सुटताना गेटवर झडती. तिच्या पिशवीत रुमालाची गाठ निघाली. गार्ड बाई, "ये क्या है? अंदर का माल?" उघडलं तर माझेच लाडू. आजचे दोन, कालचा एक. मी मध्ये पडले, मी दिलेत, घरचे आहेत, एक खाऊन बघ पाहिजे तर. गार्डनं खरंच खाल्ला.

बसमध्ये तिला फैलावर घेतलं. तुझ्यासाठी तीळ भाजून भाजून माझे हात पोळले नि तू पोतडी बांधून घरी नेतेस? पोरांना शाळेत दुपारचं मिळतं, तुला कोण देतं?
"दुपारचं मिलतं ताई. रातचं?" मग म्हणे, "आता पोरं वाट बगत्यात. इचारत्यात, ताईनं आज काय दिलं."
तिचा राग, दिराचा राग, त्या डॉक्टरणीच्या बदामांचा राग, आणि कुणावर काढावा ते कळत नाही याचा वेगळाच.

२३, गुरु.
आजपासून एक लाडू माझ्यासमोर, उभी राहून, तोंड हलताना दिसलं पाहिजे. बाकीचे न्यायचे. कबूल झाली. लहान मुलाला औषध पाजावं तसं चाललंय.

२८, मंगळ.
तपासणी झाली. रांगेत मी तिच्या मागेच. नर्सनं विचारलं, "सकाळी काही खाल्लंत?"
"न्हाय."
"उपवास का? आज कसला?"
मला वाटलं, आता गणपती येणार. मागे आमच्या सगळ्या बायका उभ्या. व. सुईकडे बघत म्हणाली, "कसला न्हाय."
रिपोर्ट परवा, थेट सुपरवायझरकडे.

चहाला माझ्या शेजारी येऊन बसली. बराच वेळ कप फिरवत होती. मग म्हणे, "ताई, उद्या सुकट आनाल? लय दीस झालं."
इतके दिवस साबुदाणा नि तीळ, आणि हिला हवी होती सुकी मासळी. आधी बोलली असतीस तर, असं ओठांवर आलं होतं.

२९, बुध.
घाईत, बसची वाट बघत. सुकट केली, कांदा घालून, झणझणीत. प्र. विचारत होता, हा कुठल्या देवाचा नैवेद्य. भाकऱ्या जास्त थापल्या. पोरांचा डबा वेगळा बांधलाय, नवऱ्याचाही त्यातच, म्हणजे तिच्या वाटणीची तिनं तिथेच खायची, काही कारण नको. तरी तिनं स्वतःच्या वाटणीची भाकरी रुमालात बांधली तर
बस आली.