मस्कतचं बाळ आणि फायरवॉल

नाशिक रोड,
नोव्हेंबर २००६

चि. सुनील यास,

सप्रेम जयभीम. पुण्यात थंडी सुरू झाली असेल, स्कूटरवर कान बांधून जात जा. मी ठीक आहे, तुझ्या काकूचे गुडघेही ठीक आहेत (फोनवर मुद्दाम विचारू नकोस, विचारलं की दुखतात).

तू दिवाळीत येऊन कॉम्प्युटरला तो फायरवॉल राउटर बसवून दिलास, त्याबद्दल आधी आभार. बाहेरचं कोणी आत शिरणार नाही म्हणाला होतास, ते अगदी खरं निघालं. तुझी बस सुटली, इकडे लोडशेडिंग झालं, आणि लाइट आल्यावर इंटरनेटसुद्धा आत शिरेना. (मी नोटांच्या प्रेसमध्ये जन्म काढला. गेटवर रोज झडती व्हायची, पण ओळखीच्या माणसाला शेवटी सोडायचे.) हेल्पलाइनवरच्या मुलीने सगळं बंद करून चालू करायला सांगितलं. मी इतक्या वेळा केलं, की काकूने मिक्सरही तसाच करून पाहिला. मग शेजारचे भिकनभाऊ आले. त्यांना राउटरच्या डब्याच्या मागे एक बारीक भोक दिसलं आणि त्यांनी त्यात सेफ्टी पिन खुपसली. तू शिकवलेलं सगळं तो डबा त्या क्षणी विसरला.

हसायला हरकत नाही, पण इथे रविवार फार वाईट गेला. दर रविवारी मोहिनी मस्कतहून बाळाला कॅमेऱ्यापुढे धरते, हे तुला माहीत आहे. काकू त्यासाठी चांगलं पातळ नेसते, खुळखुळा घेऊन बसते. (नातवाला तिने अजून मांडीवर घेतलेलं नाही, तो जन्मला तेव्हा तिचं गुडघ्याचं ऑपरेशन होतं.) त्या दिवशी ती कोऱ्या पडद्यापुढे दुपारपर्यंत बसून राहिली. जेव म्हटलं तर भूक नाही म्हणाली. संध्याकाळी मोहिनीचा फोन आला, तेव्हा काकूला धड बोलताही येईना. मग मोहिनीच म्हणाली, "आई, राहू दे ते इंटरनेट. डिसेंबरात मीच येते त्याला घेऊन."

दुसऱ्या दिवशी तिने तिकीट काढलं. काकू आता दुपटी शिवते आहे.

घरी सर्वांना जयभीम सांग.

तुझा,
निवृत्तीकाका

ता. क. कंपनीचा माणूस गुरुवारी येऊन गेला. मोडेम आणि तुझा डबा, दोघांनी एकच नंबर घेतला होता म्हणे. एका गल्लीत दोन घरांना एकच नंबर असावा तसं. त्याने एकाचा बदलला. इंटरनेट छान चालू आहे.

ता. ता. क. हे मोहिनीला कळू देऊ नकोस. गुरुवारी पडदा उजळला तेव्हा मी तिला कळवायला धावलो, तर काकूने वायरच उपटली. "ती येऊन पोचू दे, मग लावा," म्हणाली. म्हणून हे पत्र हाताने लिहिलं आहे. मोहिनीने विचारलंच, तर फायरवॉल फार कडक आहे म्हणून सांग.